माझा पहिला इंच

मित्रांनो, दुकानात मला बारा फुटी म्हणून विकलं होतं. आज मी अकरा फूट अकरा इंचांची आहे. बाकी तब्येत बरी आहे. मी पोलादी टेप. शहापूरला आग्रा रोडच्या कडेला मोटारींच्या बॉड्या बांधायचा एक कारखाना होता, तिथे माझं आयुष्य गेलं.

माझा मालक सापगावचा कोंडू मिस्त्री. मी नवी होते तेव्हा तो मला धोतराच्या सोग्याने पुसायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, "हिच्यात केसाचा फरक नाय." मी फुगून जायचे. मग एकोणीसशे साठ साली एक जड दार माझ्यावर आपटलं आणि माझा पहिला इंच तुटला. तेव्हापासून दहा फुटांची फळी मोजली की मी दहा फूट एक इंच दाखवू लागले. कोंडू मनातल्या मनात एक इंच वजा करायचा. कोणाला बोलला मात्र नाही. मला वाटलं, चला, अब्रू वाचली.

कोंडूच्या हाताखाली पोश्या होता. दरवर्षी भात कापून झालं की तो आणि त्याची बायको सरू वीटभट्टीवर जायची. त्या वर्षी पहिल्यांदाच जायची नव्हती, कारण पोश्याला इथे बारमाही काम मिळालं होतं. सरूने तर झोपडीमागे वालही पेरले होते.

अशात धसईच्या चंदरने एक गाडी बांधायला आणली. पोश्याने सांगाडा उभा केला. सांगाडा सरळ आहे का, हे बघायची रीत सोपी असते. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं तिरपं अंतर मोजायचं, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. दोन्ही मापं सारखी यायला हवीत. उजवं माप कोंडूने स्वतः घेतलं. एक वजा करून दहा फूट चार इंच. डाव्या मापासाठी वाकून बसावं लागे आणि त्याचा गुडघा धरला होता. म्हणून त्याने माझं टोक धरलं आणि आकडा पोश्याला वाचायला लावला.

"दहा फूट चार," पोश्या म्हणाला.

कोंडूने सवयीने एक वजा केला आणि त्याचं डोकं फिरलं. दहा फूट तीन.

"सांगाडा वाकडा बांधलास, पोश्या. तुझ्या हाताला मापच नाय."

"मिस्तरी, मी सरळ बांधलाय."

"मग काय टेप खोटी? उद्यापासून येऊ नको."

मी पुरती चक्रावले. माझ्या अंगावर तर दोन्ही वेळा दहा फूट पाच हाच आकडा होता. मग दोन मापं आली कुठून? खोटी कोण, मी की माणसं?

कोंडूने साखळी लावून सांगाडा अर्धा इंच ओढला. पुन्हा स्वतः मोजलं, तर डावीकडे दहा फूट साडेचार. ओढला अर्धा आणि वाढला दीड. दारं तर लागेचनात. "ही भवानी रोज नवंच सांगते," म्हणून त्याने मला कोपऱ्यात भिरकावलं. मला रडू आलं, पण टेपेला रडता कुठे येतं?

तिसऱ्या दिवशी सरू पोश्याची घोंगडी न्यायला आली. भट्टीचा ट्रक दुपारी निघणार होता. दारात थांबून ती म्हणाली, "मिस्तरी, तो सांगत होता, टेपेचा इंच तुटलाय, तो मी आठवणीनं वजा करून सांगतो. तरी चुकला कसा?"

कोंडूने मला कोपऱ्यातून उचललं. "तो पण वजा करायचा?"

मग मला खिशात टाकून तो लंगडत तिच्यामागून वाडीवर गेला. पोश्या ट्रकात बोचकं चढवत होता.

"पोश्या, सांगाडा सरळ होता. मी वाकडा केला."

"तुमी पण वजा करता, मला सांगलं का नाय?"

"तू तरी कुठं सांगलंस?"

पोश्याने भट्टीच्या मुकादमाला येतो म्हणून शब्द दिला होता. ट्रक त्या दोघांना घेऊन गेला.

मित्रांनो, दोघांनीही माझं उणं मायेनेच झाकलं होतं. तरी घात कसा झाला, याचा उलगडा मला अजून नीट होत नाही. एवढंच सांगते, मोडकी वस्तू खुशाल वापरा, पण काय मोडलंय ते बरोबरच्या माणसाला मोठ्याने सांगा. कोंडूने गाडी एकट्याने सरळ केली. चंदरची दारं छान लागली. सरूचे वाल त्या वर्षी कोणी तोडले नाहीत.