बर्फाच्या कप्प्याचं दार

इंदुताईंचा फ्रीज घासलेटवर चालायचा. खाली वात पेटवायची आणि वर बर्फ व्हायचा, हे गौडबंगाल बघायला त्रेसष्ट साली निम्मं घाटंजी त्यांच्या ओसरीवर येऊन गेलं. सुखीबाईला मात्र त्या पांढऱ्या धुडाचं कौतुक नव्हतं, कारण ते पुसायचं काम तिचंच होतं. आणि आज बर्फाच्या कप्प्याचं प्लास्टिकचं दार दोन तुकडे होऊन तिच्या हातात आलं होतं. बर्फानं घट्ट बसलं म्हणून भाकरी उलथायच्या सराट्यानं जरासं उचकटलं, तेवढ्यात झालं.

फ्रीजचं काय, इंदुताईंचे यजमान वामनराव कापसाच्या जिनिंगचे मालक, असे चार आणतील. तिचा जीव अडकला होता तो लेकीत, जमनीत. ती या घरी राबायची ती पगारापेक्षा एका बोलीवर. तिच्या पोरीनं मागच्या खोलीत राहायचं आणि गावातल्या शाळेत जायचं. तांड्यावर, त्यांच्या बंजारा वस्तीत, शाळा नव्हती. जमनी तिसरीत होती, आणि तांड्यात स्वतःचं नाव लिहिता येणारी ती एकटीच मुलगी. काम गेलं की खोली जाणार, खोलीबरोबर शाळा. काम जायला वेळही लागत नाही. तांड्यातल्याच धनीबाईला या घरानं एका फुटक्या बशीपायी घालवलं होतं. तांड्याच्या माणसाच्या हातून वस्तू मोडत नाही, तो मुद्दाम मोडतो, असा गावाचा न्याय.

इंदुताई यवतमाळला गेल्या होत्या, दिवस मावळता परतणार होत्या. सुखीबाईनं दोन्ही तुकडे जुळवून पाहिले. मग तिची नजर स्वतःच्या दंडावर गेली.

बंजारा बायका दंडभर पांढऱ्या बांगड्या, बलिया, घालतात. पूर्वी त्या हस्तिदंती असत, आता प्लास्टिकच्याही मिळत. बली तडकली तर कुणी टाकत नाही, तापवलेल्या लाखेनं सांधतात आणि वर्षानुवर्षं मिरवतात. सुखीबाईच्या दंडात अशा सांधलेल्या प्लास्टिकच्या बलिया होत्याच. बलीला धरते ती लाख दाराला का धरणार नाही? शेवटी दोन्ही प्लास्टिकच.

तिनं गाठोड्यातली लाख चिमणीवर वितळवली, फटीत भरली आणि बोटं भाजेपर्यंत दाबून धरली. तांड्याच्या देवाला, सेवाभायाला नवस बोलली. सांधा पक्का बसला. दार जागेवर लावल्यावर तिला रडू आलं ते सुटल्याच्या आनंदानं.

पण बली अंगाच्या उबेत असते. गारठ्यात लाख काचेवाणी तडकते, हे तांड्यातल्या कुणाला कळायला तिथं बर्फ कधी आला होता?

संध्याकाळी इंदुताईंनी सरबतासाठी कप्पा उघडला. दार निखळलं, आणि लाखेचा लालसर तुकडा काचेच्या भांड्यात पडला. इंदुताईंनी तो बोटांत धरून पाहिला. मग त्यांची नजर कोपऱ्यात पाढे लिहीत बसलेल्या जमनीकडे वळली.

"मीनं मोडलं बाई," सुखीबाई घाईनं म्हणाली. "पोरीचा काई संबंध नाही. मले काढा, आत्ताच काढा. पन तिले राहू द्या. पाया पडतो तुमच्या."

इंदुताई ओरडल्या नाहीत. थोडा विचार करून म्हणाल्या, "बरं. राहू दे तिला."

सुखीबाईच्या जिवात जीव आला. ती खरंच पायांवर वाकली.

"तू उद्यापासून येऊ नकोस," इंदुताई वरून म्हणाल्या. "पोरगी चलाख आहे. तुझं काम तीच करील."

"अन् शाळा, बाई?"

"मग सकाळची भांडी कोण घासेल? शाळेचं पुढच्या वर्षी बघू."

सुखीबाई वाकलेलीच राहिली. पोरीला न्यावं तर तांड्यावर शाळा नाही, ठेवावं तर आता इथंही राहिली नाही. जे मागितलं तेच पदरात पडलं होतं.

जमनीनं पाटी भिंतीला टेकवली आणि सरबताचं भांडं विसळायला उचललं. सुखीबाई ते घ्यायला पुढे झाली.

"राहू दे, सुखी," इंदुताई शांतपणे म्हणाल्या. "आता ते तिचं काम."