खालचा सूर

“थट्टा करायला घरात मीच सापडलो का तुला?” लिफ्टवाल्याने हातातला पाना टेबलावर ठेवला. घशाच्या ऑपरेशननंतर त्याचा आवाज पत्रा घासल्यासारखा निघे, आणि चिडला की अर्धे शब्द घशातच राहत.

“थट्टा नाही, बाबा,” लेक म्हणाली. “नाताळच्या कार्यक्रमात आमचा बँड बाळ येशूचं ते जुनं अंगाईगीत वाजवणार आहे. हेवी मेटलमध्ये. शेवटचं कडवं तुम्ही म्हणायचं.”

लेक दिवसा रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करी आणि संध्याकाळी मित्राच्या गॅरेजात गिटार वाजवी. तिच्या त्या मेटलला तो ‘पत्र्यांचं भांडण’ म्हणे. त्याची स्वतःची उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती, पण माणसं त्याला ओळखत ती चर्चच्या गायनवृंदातल्या खर्जाच्या आवाजामुळे. घशातली गाठ निघाली, तसा आवाजही गेला. वृंद बसवणाऱ्या बाईंनी समजुतीने सांगितलं होतं, “मागच्या रांगेत उभे राहा, नुसते ओठ हलवा.” तेव्हापासून तो तालमीला फिरकला नव्हता.

“माझा आवाज आता कुत्रं हाकलायच्या लायकीचा उरलाय.”

“आमचा गायक तसा आवाज काढायला रोज घसा फोडून घेतो. तुमचा आपसूक निघतो.”

त्याला हसू आलं. ते त्याने खोकल्यात लपवलं.

गॅरेजात तो गेला, तेही ‘नुसतं बघायला’. ड्रम सुरू झाले आणि छातीची हाडं हलली. पण त्या गदारोळाखाली चाल तीच होती, बाळाला झोपवायची. फक्त भरलेल्या लिफ्टसारखी संथ आणि जड झालेली. कडवं आलं. तो आधी घाईने शिरला, मग उशिरा. नंतर मात्र त्याने डोळे मिटून घेतले, आणि जमलं.

कार्यक्रमाला पहिल्या रांगेत वृंदातली मंडळी होती. गिटार कडाडल्यावर दोघं-तिघं उठून गेली. बाई बसून राहिल्या. शेवटच्या कडव्याला गिटारी थांबल्या आणि ड्रमच्या ठोक्यावर तो एकटा उरला. मध्येच आवाज फाटला. त्याने तो तसाच पुढे रेटला.

“शब्द काही कळले नाहीत हो,” बाई नंतर म्हणाल्या.

“मलाही नाही कळले. पाठ होते म्हणून निभावलं.”

बाई हसल्या. मग त्याचा हात धरून उगाच उभ्या राहिल्या. “रविवारी या,” एवढंच म्हणाल्या.

कार्यक्रमाला आलेली बायको घरी परतताना फक्त थंडीबद्दल बोलली, गाण्याचं नाव काढलं नाही. त्यानेही विचारलं नाही. तिला आवडलं नसेल, तर ते ऐकायची त्याची छाती नव्हती.

सकाळी तो कामाला जायला बूट घालत होता आणि ती भांडी घासत होती. घासता घासता ती तेच अंगाईगीत गुणगुणू लागली. पूर्वी कामात असताना ती अशी गायची आणि तो घरात असेल तिथून खालचा सूर धरायचा. आजारपणापासून तिने गाणंच सोडलं होतं. वयाने दमली असेल, असं तो धरून चालला होता.

त्याची जागा आली, तशी ती थांबली.

बुटाची नाडी हातात धरूनच त्याने सूर लावला. खरखरीत, जरा उतरलेला.

तिने मागे वळून पाहिलं नाही. फक्त नळ बंद केला.