कालचा चहा

माझ्या धाकट्या भावाला आमच्या झाकणाच्या मगांच्या कारखान्यातून काढलं, तेव्हा टायवाला सगळ्यांदेखत म्हणाला होता, "ज्याला थर्मामीटर वाचता येत नाही, त्याचं इथे काय काम?" टायवाला म्हणजे आमचा चाचणीप्रमुख. तेव्हापासून तो माझ्या डोक्यात गेला तो गेलाच.

भावाने मगात गरम पाणी भरून तासातासाला तापमान मोजलं होतं. टायवाल्याने ते आकडे स्प्रेडशीटमध्ये घातले, एक्स्पोनेन्शियल ट्रेंडलाइन, म्हणजे ठिपक्यांमधून उतरत जाणारी वक्र रेषा, काढली. रेषा ठिपक्यांवर बसेना. झालं, आकडे मनाचे भरलेत म्हणून हा मोकळा. भाऊ काहीतरी सांगू बघत होता, पण ऐकतो कोण? आता पोरगं घरात तोंड लपवून बसतं, आईशीसुद्धा धड बोलत नाही.

मी तेच आकडे घेतले. प्रत्येकातून खोलीचं तापमान वजा केलं आणि मग रेषा काढली. ठिपके कसे चपखल बसले! अहो, पाणी खोलीइतकंच गार होणार. टायवाल्याची रेषा मात्र शून्याकडे धावत होती. केबिनमध्ये जाऊन गुपचूप सांगता आलं असतं. मुळीच नाही सांगितलं. माझ्या भावाची शोभा चारचौघांत झाली होती.

मालकीणबाईंच्या बैठकीत टायवाल्याने पुन्हा तसाच आलेख पडद्यावर लावला आणि मोजणाऱ्यांच्या नावाने खडे फोडले. मी अगदी गोड आवाजात म्हटलं, रेषा चोवीस तासांपर्यंत वाढवता का? त्याने खुशीत वाढवली. ती आठ अंशांवर उतरली.

मग मी काल याच वेळी चहा भरून ठेवलेला मग त्याच्यापुढे सरकवला. थर्मामीटर हातात दिलं.

"वाचा. मोठ्याने वाचा."

"साडेपंचवीस," तो पुटपुटला.

मालकीणबाईंनी भिंतीवरच्या तापमापकाकडे पाहिलं. तिथे पंचवीस होते. त्या काही बोलायच्या आत मी भावाला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि टायवाल्याला म्हटलं, आता हा आकडा त्यालाही सांगा. टायवाल्याने सांगितलं. पलीकडून भाऊ म्हणाला,

"साहेब, खोलीचं तापमान वजा करा, एवढंच मी म्हणत होतो."

मालकीणबाई फोनवरच भावाला म्हणाल्या, उद्यापासून कामावर ये. येतो म्हणाला, पण साहेबांनी तेव्हा सगळ्यांदेखत जे म्हटलं, ते आधी सगळ्यांदेखत मागे घ्यावं. टायवाला माझ्याकडे केविलवाणा बघत राहिला. मी त्याच्या हातातलं थर्मामीटर काही परत घेतलं नाही.