घमेल्यातली अंडी

अठ्ठ्याहत्तर सालचा दसरा झाला आणि नांदगावच्या रेल्वे क्वार्टरमागच्या ओल्या वाफ्यात एका कासवानं अंडी घातली. आधी दिसलं ते धोंडाबाईंना. त्यांनी सुनेला, सुलाबाईला, हाताला धरून नेलं आणि ओठांवर बोट ठेवून दाखवलं. कासव मागच्या पायांनी खड्ड्यावर माती ओढत होतं. सासरे गेल्यापासून सासूच्या चेहऱ्यावर असं हसू सुलाबाईनं पाहिलं नव्हतं.

पौषात रावजीची, धोंडाबाईंच्या मुलाची, नाशिक रोडला बदली झाली. तो पार्सल ऑफिसात कारकून. जाणं भागच होतं. म्हातारी मात्र हटून बसली.

"तुम्ही जा. म्या हितंच बहिणीकडं ऱ्हाते."

रावजी समजावून थकला. शेवटी सुलाबाईनं विचारलं, "आत्याबाई, तुमचा जीव कशात अडकलाय?"

"नवं बिऱ्हाड आलं की वाफा खणतील. अंडी जातील."

"आणि अंडी बरोबर नेली तर?"

धोंडाबाई पदर खोचून उठल्या. "मंग येते."

सुलाबाईनं घमेल्यात ओली माती भरली आणि लिंबाएवढी ती पांढरी अंडी, वरची बाजू वरच ठेवून, हलक्या हातानं मांडली. वरून माती पसरली. गाडीत घमेलं तिच्या मांडीवर. मनमाडला गर्दी चढली तशी शेजारची बाई म्हणाली, "खाली ठेवा की. विरजण हाय का काय?"

"तसंच समजा," सुलाबाई म्हणाली, आणि नाशिक रोडपर्यंत तिनं पाय हलवले नाहीत.

नव्या क्वार्टरच्या अंगणात, भिंतीच्या कडेला, अंडी पुन्हा पुरली. धोंडाबाई तिथंच पोतं टाकून बसायच्या. ओळखीचं कुणी नाही, बोलणं नाही. होळी होऊन गेली तरी मातीत काही हललं नाही.

"आई दिवसभर नासक्या अंड्यांची राखण करते," रावजी बायकोला म्हणाला. "हे थांबवायला पाहिजे."

एका सकाळी त्यानं आईच्या देखत एक अंडं उकरलं आणि वाटीत फोडलं. एकदा घाण वास आला की विषय संपेल, असा त्याचा हिशेब. पण वास आलाच नाही. पिवळा बलक, सभोवती स्वच्छ पांढरं. काल घातल्यासारखं ताजं. धोंडाबाईंनी त्याच्या हातातली वाटी काढून घेतली आणि त्या आत गेल्या. रावजी डबा न घेताच कामावर गेला.

सुलाबाईला चैन पडेना. शेजारचे गोरक्ष पगारे सर नाशिकच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. संध्याकाळी ती त्यांना घेऊन आली. सरांनी माती बाजूला सारून, अंडी न हलवता, बॅटरीच्या उजेडात निरखली.

"हा वरचा खडूसारखा पांढराफटक डाग आधी होता?"

"नाही. सगळीकडून सारखंच दिसायचं."

"मग आता सुरुवात झाली. काही कासवांचं असंच असतं. अंड्यात जीव धरतो आणि थंडीभर आहे तिथंच थांबतो. वाढत नाही, कुजतही नाही. थंडी सरून माती तापली की पुढं वाढायला लागतो. थांबलेला होता म्हणून गाडीतले हिसके सोसले. आता मात्र हात लावू नका. गर्भ कवचाला धरलेला असतो, उलटला तर जाईल."

धोंडाबाई दारात उभ्या होत्या. "मंग रावजीनं फोडलं, ते बी थांबलेलंच व्हतं?"

सरांनी बॅटरी विझवली. "असावं, आजी."

कामावरून परतलेला रावजी फाटकाशीच होता. त्यानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी जाळी आणून त्यानं मुंगसापासून जपण्यासाठी त्या जागेवर नीट ठोकून बसवली. घामाघूम होऊन तो आत आला तेव्हा धोंडाबाईंनी त्याच्या ताटात स्वतः भाकरी वाढली.

जाळी पाहून कॉलनीतल्या बाया चौकशीला येऊ लागल्या. धोंडाबाई प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायच्या. समोरच्या बयाबाईंशी तर इतकं जमलं, की दोघी मिळून बाजारहाट करू लागल्या.

ज्येष्ठ सरता सरता माती भेगाळली आणि दोन पिल्लं वर आली. पुढं काही दिवस काहीच नाही. मग एक, मग आणखी दोन.

"एकाच आईची, तर बरोबर का निघाली नाहीत?" सुलाबाईनं सरांना विचारलं.

"एकाच वेळी सगळी बाहेर पडली आणि नेमका पाण्याचा तोटा असला, तर सगळीच जातील. म्हणून कुणी लवकर, कुणी उशिरा."

उरलेली दोन उघडलीच नाहीत. धोंडाबाईंनी ती तिथंच मातीत राहू दिली.

पिल्लं दारणा नदीत सोडायची ठरली. रावजीनं घमेलं सायकलच्या कॅरियरला बांधलं. एका हातानं ते धरून तो सायकल ढकलत चालला. चेहडी गावाजवळच्या काठावर तो घमेलं आईपुढं करू लागला.

"तूच सोड," त्या म्हणाल्या.

त्यानं एकेक पिल्लू पाण्याच्या कडेला ठेवलं. शेवटचं थोडं रेंगाळलं, मग तेही गढूळ पाण्यात शिरलं. रावजी हात धूत म्हणाला, "आई, मावशीकडं जायचं म्हणत होतीस. सोडून येऊ का?"

"जाईन की दिवाळीला," धोंडाबाई म्हणाल्या. "चार दिस. बयाबाईला बी न्यायचं हाय."