बंद केलेली गोळी

खाली न्हाव्याचं दुकान, वर घर. मुलगा जहाजावर नोकरीला, त्यामुळे घरात सासरा आणि सून दोघंच. सुनेच्या फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला. वेणी घालतानाही तिला धाप लागायची. गुठळी होऊ नये म्हणून बाकीच्या औषधांबरोबर रक्त पातळ करणारी गोळी होती. ती सासरा स्वतः तिच्या हातावर ठेवायचा.

"बाबा, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" म्हणत ती निमूट गिळायची.

त्या सकाळी खाली दुकानात त्याने एका गिऱ्हाइकाच्या गालांना साबण लावला, तेवढ्यात वरून हाक आली. सून बेसिनपाशी उभी, नाकातून रक्ताची धार. म्हाताऱ्याचा उभा जन्म वस्तऱ्यात गेलेला. रक्ताला तो भीत नसे. त्याने तिला पुढे वाकवून बसवलं, नाक चिमटीत धरलं, बर्फ लावला. एक टॉवेल भिजला, मग दुसरा. तेव्हा मात्र तो देवाचं नाव घेऊ लागला.

"गिऱ्हाईक ताटकळलंय हो खाली," ती गेंगाण्या आवाजात म्हणाली.

"बसू दे. गप राहा तू."

शेवटी ते गिऱ्हाईकच वर डोकावून, तोंडाला फेस तसाच ठेवून टॅक्सी आणायला धावलं.

दवाखान्यात नाकात बोळे घातले, तपासणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त फारच पातळ झालंय. ती गोळी बंद करू या."

"आणि गुठळी झाली तर?"

"ती भीती आहेच."

"मग चालू ठेवू या ना, थोडी कमी करून!"

"आज नाकातून आलं. उद्या मेंदूत रक्तस्राव झाला तर?"

म्हातारा हात जोडून म्हणाला, "तुमची मुलगी असती, तर काय केलं असतं?"

बाई म्हणाल्या, "खरं सांगू? या आजारात त्या गोळीचा किती उपयोग होतो, यावर आम्हा डॉक्टरांचंच एकमत नाही. मी बंदच केली असती. पण निर्धास्त झोपले नसते."

रक्त थांबलं, सून घरी आली, गोळी बंद झाली. गुठळी पायात झाली तर सूज येते, ती दिसली तर लगेच या, असं बाईंनी बजावलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी म्हातारा चष्मा पुसून तिच्या पोटऱ्या निरखू लागला. सुरुवातीला तिला संकोच वाटला, मग ती सवयीने पाय पुढे करू लागली.

"दिसतंय का काही, बाबा?"

"काही नाही."

काही नाही दिसलं, तरी त्याचा जीव भांड्यात पडत नसे.