नळीवरची खाच

शनिवारी टेम्पो येणार आणि मावशींची सायकल भंगारात नेणार, असं ठरलं. ठरवलं कुणी? मुलानं. मावशींना विचारलं कुणी? कुणीच नाही!

मावशी म्हणजे त्या गल्लीतल्या शिवणकामवाल्या. वय चौसष्ट, एक गुडघा कामातून गेलेला, जीभ मात्र शाबूत. ज्यांना दुकानापर्यंत येववत नाही अशांच्या घरी जाऊन मापं घ्यायची आणि शिवलेले कपडे नेऊन द्यायचे, हा त्यांचा धंदा. गिऱ्हाईक सगळं चढाच्या वर. म्हणून सायकलला छोटंसं इंजिन लावलेलं होतं, तेही सहा वर्षांपूर्वी मुलानंच. मुलगा कारखान्यात सुपरवायझर. त्यानं बसवलं म्हटल्यावर त्यात चूक काढायची कुणाची टाप होती?

पण इंजिनाची चेन मागच्या चाकाकडे जाताना फ्रेमच्या नळीला घासायची. घासून घासून नळीला चांगली नखभर खाच पडली होती. मुलानं सायकल स्टँडवर घेतली, चाक फिरवलं. चेन सुळसुळ फिरली, कुठं म्हणून टेकली नाही.

"चेन ठीक आहे, आई. फ्रेमच म्हातारी झालीय. चढावर मोडली म्हणजे? पुरे झालं आता. सायकल देऊन टाकू, आणि तू आमच्याकडे चल."

"फ्रेम म्हातारी? मेल्या, तुझ्याहून लहान आहे ती!"

तो हसला आणि निघून गेला. मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. सायकल गेली की गिऱ्हाईक गेलं, गिऱ्हाईक गेलं की हे घर गेलं. मग काय, मुलाच्या घरी खिडकीशी बसायचं आणि सून देईल तो चहा प्यायचा. सून चांगली होती हो, चहाही चांगला करायची. पण मावशींना तिथं जायचं नव्हतं, आणि नव्हतं म्हणजे नव्हतं.

बुधवारी त्या सायकल ढकलत वेल्डरकडे गेल्या. त्यानं कानशीनं गंज काढला, खाचेत बोट फिरवलं.

"आरपार गेलेली नाही, मावशी. वरून अर्धी नळी चढवून जोडतो, पक्की होईल. पण आधी घासणं थांबवा. नाहीतर चेन माझं वेल्डिंगही खाईल आणि नाव माझं खराब होईल."

"अरे, स्टँडवर घासतच नाही. अगदी साळसूद असते."

"मग स्टँडवर कशाला बघता? तुम्ही बसल्यावर बघा."

आता बसल्यावर कसं बघणार? मान खाली घालून चढ चढल्या असत्या तर थेट गटारात! मावशींनी पिशवीतला कापडावर खुणा करायचा खडू काढला, नळीवर जाड फासला आणि चढ चढून आल्या. उतरून बघतात तो काय, खाचेपाशी बोटभर जागेतला खडू पुसून लख्ख! त्यांचं वजन आणि इंजिनाची ओढ एकदम आली की चाक केसभर कलत होतं, आणि चेन नळीवर टेकत होती.

"असं आहे होय तुझं!" मावशी चेनला म्हणाल्या.

दुपारी खोलीत जुनी चादर अंथरून त्यांनी सायकल उलटी केली. मागच्या चाकाला स्पोकांवर दातेरी चकती असते, चेन तिच्यावरून फिरते. तिचे नऊ बोल्ट. सहा मुकाट्यानं निघाले. उरलेल्या तिघांना तेल पाजलं, आणि गिऱ्हाइकासमोर कधी तोंडातून निघाले नसते असे शब्दही ऐकवले. शेवटी चकती हातात आली. ती सपाट नव्हती, बशीसारखी जरा खोलगट होती. मावशींनी ती होती तशी चाकाला लावून पाहिली. दाते आणि नळी यांच्यात कापडाच्या घडीएवढी फट. मग पालथी करून लावली, तर अंगठा सहज आत गेला, टायरही मोकळं राहिलं. इंजिनाच्या छोट्या चाकापासून चकतीपर्यंत दोरा ताणला, तो आता सरळ आला.

चकती उलटी बसवली होती. सहा वर्षं!

आधी त्यांना हसू आलं. मग असा राग आला की पाना हातातच राहिला. चूक कुणाचीही होते, बाही उलटी लागली तर उसवून लावतात. पण यानं एक बोल्ट काढून पाहिला नाही, आणि आईचं घर मोडायला निघाला!

शुक्रवारी वेल्डरनं नळी जोडून दिली. शनिवारी मुलगा टेम्पो घेऊन आला, तेव्हा मावशी हेल्मेट घालून कॅरिअरवर कपड्यांचं गाठोडं बांधत होत्या.

"हे काय? वेल्डिंग कशाला केलंस?"

"चकती उलटी बसवली होतीस. सुलट केली."

"शक्यच नाही," म्हणत तो वाकला. सुपरवायझर होता, एका नजरेत कळलं. त्याचा चेहरा पडला.

"फोन का नाही केलास मला?"

"टेम्पो ठरवताना तू केला होतास?"

तो हळूच म्हणाला, "मला भीती वाटते गं. तू एकटी असतेस."

मावशींना भरून आलं, पण त्यांनी आवाज ढिला पडू दिला नाही. "वाटू दे. मलाही वाटते. पण चूक तुझ्या चकतीत, आणि मोडीत मला काढतोस? नऊ बोल्ट होते रे, फक्त नऊ."

मावशींनी पेडल मारलं, इंजिन धडधडू लागलं.

"आई, गुडघा अगदीच गेला तर?" तो आवाज चढवून म्हणाला.

"तर मी हाक मारीन. हाक मारल्याशिवाय न्यायला यायचं नाही. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला आणि वाटेतून बाजूला झाला.