हाताला लागली ती झुरळं

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, डॅरलला, सगळं येतं. नळ गळायला लागला की तो प्लंबरला बोलवत नाही. आधी स्वतः दुरुस्त करतो आणि मग प्लंबरला बोलवावंच लागतं. माझ्या बापाने अख्खं आयुष्य इथं ऑस्ट्रेलियात, मिल्ड्युराच्या द्राक्षांत घातलं, पण वेलींवर बुरशी आली की डॅरल कुंपणावर रेलून त्याला औषध सांगणार. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. डॅरलकडे बैल नाही, एक जुनाट पिकअप आहे, आणि ती महिन्यातून अर्धा वेळ अंगणात बंद उभी असते.

आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत, मध्ये एक अंगण. त्यामुळे त्याची अक्कल मला रोज फुकटात मिळते. माझी बहीण इनेस म्हणते, मनाने चांगला आहे गं तो. लग्न झाल्यापासून हे एकच वाक्य ती म्हणत आलीये.

त्यांची एकुलती एक पोर लिव्हिया. सहावीत आहे. आमच्या इटालियनमध्ये मावशीला झिया म्हणतात, तशी ती मला झिया म्हणते, आणि दिवसातला अर्धा वेळ माझ्याच स्वयंपाकघरात असते. पोरगी गुणी आहे, पण तिची एक खोड मला आवडत नाही: कुठंही काही बिघडलं की ती ते स्वतःच्या डोक्यावर घेते. दोन वर्षांपूर्वी तिचा सोनेरी मासा मेला. टाकीतलं पाणी डॅरलने बदललं होतं, थेट नळाचं, क्लोरीनवालं ओतून. पण तो म्हणाला, तू जास्त खायला घातलंस. झालं. पोरीने त्यावर विश्वास ठेवला. पुढं कितीतरी महिने ती शेजारच्या कुत्र्यालाही हात लावेना, म्हणे माझ्या हाताने काहीतरी व्हायचं.

म्हणून या वाढदिवसाला तिने स्वतःहून सरडा मागितला तेव्हा मला बरं वाटलं. साधा सरडा नाही, बियर्डेड ड्रॅगन. हनुवटीखाली काट्यांची दाढी असते, राग आला की ती फुगवतो. हा अजून पिल्लूच होता, माझ्या तळहातावर मावेल एवढा. दिवसभर दिव्याखाली दगडावर पडून अर्धवट डोळे मिटून बघायचा, जणू आपण भाडेकरू आणि तो घरमालक. मला तो काही फार आवडला नाही. पण लिव्हिया त्याला पेपे म्हणायची आणि त्याच्याशी बोलताना तिचा आवाज मऊ व्हायचा, तेवढं मला पुरे होतं.

डॅरलने मात्र आल्या आल्या तोंड वाकडं केलं. हे असले प्राणी इथं रस्त्याकडेच्या प्रत्येक खांबावर बसलेले असतात, ते दुकानातून आणायचे? आणि पुन्हा त्याला खायला किडेही दुकानातून? आपला प्राणी आहे हा, म्हणाला, इथल्या मातीतला, आणि इथल्या मातीचं मला कुणी शिकवू नये. डॅरलचा पणजोबा बोटीने आला, माझा बापही बोटीनेच आला. फरक एवढाच की त्याची बोट आधी लागली. तेवढ्यावर हा स्वतःला सरड्यांचा भाऊबंद समजतो.

पेपेचं खाणं आणायला लिव्हियाला दुकानात मी घेऊन गेले. घरातून निघताना तिने पुठ्ठ्याची एक बारीक पट्टी कापून खिशात ठेवली होती. पेपेच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर, तेवढीच त्या पट्टीची रुंदी. त्याहून मोठा किडा पिल्लाला द्यायचा नाही, घशात किंवा पोटात अडकतो. दुकानदाराने आधी पिवळ्या, लठ्ठ अळ्यांचा डबा पुढं केला. म्हणे या बघ, तुझा ड्रॅगन नाचत खाईल. लिव्हिया म्हणाली, नाचत खाईल, पण त्यात नुसती चरबी, ते कधीतरी. रातकिड्यांचा डबाही तिने उचलून खाली ठेवला. एखादा उरला तर झोपलेल्या पेपेला चावतो, आणि रात्रभर किरकिरतो तो वेगळाच. शेवटी ती झुरळांपाशी थांबली. छोटी, करड्या रंगाची, उडत नाहीत, आवाज करत नाहीत. इथं त्यांना वुडी म्हणतात. डब्याला नाक लावून, काचेवर पट्टी धरून, तिने हा डबा नको तो द्या करत दुकानदाराचा जीव खाल्ला.

मी बाजूला उभी होते. माझ्या आईने हयातभर हातात चप्पल घेऊन झुरळांच्या मागं धावण्यात दिवस काढले, आणि तिची नात रांगेत उभी राहून झुरळं विकत घेत होती. वर घरी आणून त्यांना गाजर किसून घालायची. म्हणे, जे यांच्या पोटात जाईल तेच पेपेच्या पोटात जाणार ना, झिया? मग कॅल्शियमच्या पुडीत घोळवून एकेक चिमट्याने पुढं धरायची. माझ्या नवऱ्यालाही मी कधी इतकं वेळेवर वाढलं नाही. पण पेपे वाढत होता, शेपटी भरत होती, आणि लिव्हिया आरशासमोर उभी राहून त्याच्यासारखी मान उडवायची.

मग शाळेचं शिबिर आलं. सहावीची सगळी पोरं डोंगरात नेतात, तंबूत ठेवतात, चार-पाच दिवसांनी मळकी करून परत देतात. ऐन द्राक्षतोडणीचे दिवस. मी आणि इनेस दोघी पहाटेपासून पॅकिंगच्या शेडमध्ये. लिव्हिया म्हणाली, पेपेला झियाकडे ठेवते, झिया सकाळ-संध्याकाळ घालेल. डॅरलला ते लागलं. घरात बाप असताना मावशी कशाला? एक सरडा सांभाळता येणार नाही का मला? पोरीने त्याला डबा दाखवला, पूड दाखवली, पट्टी हातात दिली. त्याने पट्टीने दात कोरले आणि हसला.

याच्या आदल्या आठवड्यात त्याने घराभोवती औषध मारलं होतं. कोळ्यांसाठी आणि झुरळांसाठी. माणूस बोलवायचा तर तो लुटतो म्हणून हा स्वतः कुठूनतरी ड्रम घेऊन आला, सांगितलेल्याच्या दुप्पट तीव्र कालवलं, आणि भिंतीच्या पायथ्याला, व्हरांड्याखाली, सगळीकडे इतकं मारलं की माझ्या स्वयंपाकघरापर्यंत वास आला. कुंपणावरून मला ओरडून म्हणाला, आता सहा महिने इथं काही जिवंत राहणार नाही बघ. मी म्हटलं, तू राहशील ना, मग काय फरक पडला.

शिबिराच्या तिसऱ्या संध्याकाळी मी वांग्याचं भांडं घेऊन त्यांच्याकडे गेले. डॅरल व्हरांड्याच्या पायरीशी ओणवा होऊन मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत काहीतरी गोळा करत होता. मला बघून त्याने बरणी वर धरली. आत झुरळं. विकतची नव्हेत, घराखालची, तपकिरी. म्हणाला, बघ किती सोपं आहे. त्या पोरीच्या डब्यातली सैतानासारखी पळतात, झाकण उघडलं की अर्धी कॉटखाली. ही बघ कशी हातात येऊन बसतात, आणि रानातला सरडा हेच खातो.

मी बरणीकडे बघितलं. एकही झुरळ पायावर उभं नव्हतं. सगळी पाठीवर पडून तंगड्या हलवत होती. आमच्या आईच्या चपलेतून जी सुटली ती झुरळं मला माहीत आहेत. धडधाकट झुरळ माणसाच्या हाताला लागत नाही. मी विचारलं, कुठून आणलीस? त्याने पायरीखालच्या, औषधाने अजून पांढऱ्या दिसणाऱ्या भिंतीकडे बोट दाखवलं. किती दिवस घालतोयस? ती गेली तेव्हापासून, म्हणाला, पठ्ठ्या ताव मारून खातो.

वांग्याचं भांडं माझ्या हातून तिथंच पायरीवर राहिलं. आत पेपे दगडावरून खाली पडला होता. तोंड वासलेलं, मागचे पाय ओढल्यासारखे, आणि मान थरथर कापत होती. मी त्याला टॉवेलात घेतलं आणि जनावरांच्या डॉक्टरकडे गाडी हाणली. डॅरल वाटभर मागच्या सीटवरून सांगत होता की त्याला ऊन कमी पडलं असणार. डॉक्टरबाईंनी काय खाल्लं ते विचारलं, मी सांगितलं, आणि त्या डॅरलकडे न बघता कामाला लागल्या. सुई दिली, पाणी दिलं, ऊब दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला की गेला.

डॅरलने त्याला लिंबाच्या झाडाखाली पुरलं. डोळे लाल होते त्याचे, मी बघितले. तेवढं मी त्याच्या खात्यावर मांडते, त्याहून कवडी जास्त नाही. कारण दुपारी इनेसच्या स्वयंपाकघरात चहा पिता पिता तो काय म्हणाला? विकतची झुरळं. कुठं कुठं वाढवतात कुणास ठाऊक, किती रोग असतील त्यांच्यात. मी पहिल्यापासून सांगत होतो. आणि हेच आपण लिव्हियाला सांगू, म्हणजे ती धडा घेईल.

मी इनेसकडे बघितलं. ती भांडी पुसत होती. मी म्हटलं, डॅरल, त्या पोरीने एक मासा आधीच कित्येक महिने उरावर वागवलाय. आता हेही तिच्या अंगावर घालणार? तर म्हणतो कसा, अंगावर घालतोय कुठं, समजावून सांगतोय. अशा माणसाला काय बोलणार? बोलणारीचंच तोंड विटाळतं.

लिव्हिया आली तेव्हा केसांत गवत होतं आणि गुडघा फुटला होता. ती धावत आत गेली, आणि मग रिकाम्या पेटीपाशी उभी राहिली. जेवायच्या टेबलावर डॅरलने तिला सांगितलं, अगदी ठरवलं होतं तसं. हळू आवाजात, खांद्यावर हात ठेवून. दुकानातली झुरळं, रोग, तुझी चूक नाही म्हणा, तू लहान आहेस, पण पुढच्या वेळी डॅडचं ऐकायचं. पोरीचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. "मी आणलेली?" एवढंच ती म्हणाली. मी तोंड उघडणार तोच ती उठून आत गेली.

आतून तिच्या झुरळांच्या डब्याच्या झाकणाचा आवाज आला. मग ती मागच्या दाराने व्हरांड्यात गेली, पायरीजवळच्या फळीपाशी काहीतरी बघत राहिली, आणि परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत दोन गोष्टी होत्या. एका हातात तिचा विकतचा डबा, अजून भरलेला, आत नुसती पळापळ. दुसऱ्या हातात ती मुरंब्याची बरणी. शहाण्याने टाकूनही दिली नव्हती. दोन्ही तिने बापाच्या ताटाशेजारी ठेवली.

"ही कुठून आणलीस?"

"व्हरांड्याखालून," डॅरल म्हणाला.

"ही सगळी उलटी पडलीत." तिचा आवाज चढला नव्हता. "असलीच का निवडलीस, डॅड?"

डॅरलने आधी माझ्याकडे बघितलं, जणू मी पढवून ठेवलं असावं. मग इनेसकडे. शेवटी म्हणाला, "ती हाताला लागत होती. तुझी पळतात."

इनेस मध्ये पडली. डॅड रडला गं, म्हणाली, त्याने स्वतः खड्डा खणला. लिव्हियाने आईकडे बघितलंसुद्धा नाही. ती बापाच्या समोरच्या खुर्चीत बसली, आणि मी पहिल्यांदाच तिला कुठल्या तरी गोष्टीचा दोष स्वतःकडे न घेता बसलेली बघितलं.

"मला माहीत नव्हतं, एवढं म्हण," ती म्हणाली. "मी रागावणार नाही. खरंच."

इतका स्वस्त सौदा मी जन्मात पाहिला नाही. तीन शब्द. पोरगी जीव मुठीत धरून वाट बघत होती, आणि मी, जी या माणसाला पुसलेल्या पाटीइतकीही किंमत देत नाही, मीसुद्धा मनातल्या मनात म्हणत होते, म्हण रे बाबा, म्हणून टाक.

डॅरलने घसा खाकरला. "हे बघ," तो म्हणाला, "त्या औषधाचं काय असतं, ते वाळलं की त्याचा काही त्रास नसतो. ड्रमवर तसं लिहिलेलंच असतं. आता हवेत दमटपणा असेल तर..."

लिव्हियाने त्याचं सगळं ऐकून घेतलं. दमटपणा, वारा, दुकानवाल्यांचे धंदे, डॉक्टरबाईंचा अनुभव कमी, सगळं. मग तिने आपलं ताट उचललं, काटा त्यावर ठेवला, आणि मागच्या दाराने माझ्या घराकडे चालू लागली. मी तिच्या मागून गेले. अंगण ओलांडून आम्ही माझ्या टेबलाशी बसलो, तिने गार झालेला पास्ता खायला सुरुवात केली, तरी पलीकडून डॅरलचा आवाज येतच होता. तो आता इनेसला समजावून सांगत होता.